सत्तावीस अंशांचं गाव

सर्किटचं सिम्युलेशन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर, तापमान २७ अंश सेल्सिअस असतं. पहाटेही २७ आणि भर दुपारीही २७, वैशाखातही तेच आणि पौषातही तेच. केल्विनमध्ये मोजलं की हे ३०० होतात आणि ३०० हा आकडा गणिताला सोयीचा, एवढंच त्यामागचं कारण. जळगाव-भुसावळच्या माणसाला मात्र हे ऐकून हसू येईल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर कुणी मान वर करून बघत नाही. धुळ्यात थंडीच्या पहाटे तोच पारा सात-आठवर उतरतो. २७ अंश आम्हाला भेटतात ते वाटेत, पारा चढताना नाहीतर उतरताना.

या पुस्तकाच्या दोन्ही लेखकांनी प्रस्तावना लिहायला सांगितली. विषय सिम्युलेशनसाठी पार्टांची योग्य मॉडेलं निवडण्याचा. हस्तलिखित वाचायला घेतलं आणि पहिल्याच प्रकरणाशी मला पारोळ्याजवळच्या एका विहिरीवरची पेटी आठवली. ती पेटी मी स्वतः बनवली होती, त्यामुळे तिच्यातल्या चुकीचा धनीही मीच.

खानदेशात शेतीची लाईट कधी रात्रीची असते, कधी दिवसाची. लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ लावतात. अडचण अशी की लाईट येताच शिवारातले सगळे ऑटो एकाच क्षणी पंप ओढतात, डीपीवर, म्हणजे शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकदम भार येतो आणि डीपी जळते. मग आठ-आठ दिवस पिकाला पाणी नाही. ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वेळोवेळी सांगत आलं आहे. मी त्यावर जी पेटी केली, ती लाईट आल्यावर तिन्ही फेज तपासायची, काही मिनिटं थांबायची आणि मगच पंप सुरू करायची. थांबण्याचा वेळ प्रत्येक पेटीत वेगळा. आत काही अवघड नव्हतं. बारा व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वेळ मोजणारं सर्किट, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याने ओढायचा १२ व्होल्टचा रिले. रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स ४०० ओहम.

मे महिन्यात निरोप आला. ज्यांच्या विहिरीवर पेटी होती ते आप्पा अहिराणीत एवढंच म्हणाले, “रातले चालस, दुपारले चालत नही.” दुसरं काही सांगण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं आणि खरं तर त्याची गरजही नव्हती. दोष कुठे शोधायचा ते त्या वाक्यात होतं. मला ते ऐकू यायला तीन दिवस लागले.

दुपारी लाईनचं व्होल्टेज मोजलं तर २३०च्या जागी १६५. म्हटलं, सापडलं. घरी येऊन सिम्युलेशनमध्ये १६५ घातले. हिशोब असा: ट्रान्सफॉर्मरमधून साडेआठ व्होल्टच्या आसपास, त्याचं शिखर बारा, दोन डायोडांत दीड गेला, थोडी रिपल, थोडं ट्रान्झिस्टरमध्ये. कॉइलवर १०.२ व्होल्ट उरतात. म्हणजे साडेपंचवीस मिलिअँपिअर, आणि रिले उचलायला साडेबावीस पुरतात. पडद्यावर रिले सुखाने ओढत होता. मग तापमान आठवलं. पत्र्याची पेटी उन्हात, आत ६५ अंश तरी असतील. सॉफ्टवेअरला ६५ सांगितले, तर करंट कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढलाच! कारण तापलेल्या डायोडमध्ये व्होल्टेज कमी पडतं, दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने. सॉफ्टवेअर मला सांगत होतं की उन्हात तुझी पेटी जास्त चांगली चालते.

मी ट्रान्झिस्टर तीनदा बदलला. चौथ्यांदा बदलायला गेलो तेव्हा आप्पांनी पेटीवर ओलं गोणपाट टाकून ठेवलं होतं आणि भर दुपारी पंप चालू होता.

मग मीटर काढून रिलेची कॉइल मोजली. सकाळी गार असताना ४००, दुपारी पेटीतून काढल्या काढल्या ४६५च्या आसपास. कॉइल तांब्याच्या तारेची असते आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. चाळीस अंशांत सोळा टक्के. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतही तांबंच, म्हणजे तिथेही थोडी घट. साडेबावीस मिलिअँपिअर हवे असताना हाती येत होते जेमतेम बावीस. बिचारा बीसी५४७ पूर्ण निर्दोष होता.

मग सॉफ्टवेअरला हे का कळलं नाही? तापमान तर मी सांगितलं होतं. सांगितलं होतं, पण कॉइलच्या जागी मी साधा ४०० ओहमचा रेझिस्टर काढला होता, आणि रेझिस्टर तापमानाने किती बदलतो याचा जो आकडा मॉडेलमध्ये असतो, तो आपण भरला नाही तर शून्य धरला जातो. डायोडला उन्हाळा कळला, ट्रान्झिस्टरला अर्धामुर्धा कळला, कॉइलला कळलाच नाही. अर्धामुर्धा म्हणालो, कारण ट्रान्झिस्टरचा गेन तापमानाने किती वाढतो तो आकडाही न भरल्यास शून्यच असतो.

यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा दोष काढता येणार नाही. आज आपण वापरतो त्या बहुतेक सिम्युलेटरांचं मूळ स्पाइस या प्रोग्रामशी जाऊन मिळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत रोनाल्ड रोहरर यांनी विद्यार्थ्यांकडून वर्गातच एक प्रोग्राम लिहून घेतला, पुढे लॉरेन्स नेगेल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यातून स्पाइस उभा केला आणि १९७३मध्ये तो लोकांसमोर मांडला. स्पाइसच्या नावातच ‘इंटिग्रेटेड सर्किटवर भर’ असा अर्थ आहे. चिपवर रिले नसतो, ट्रान्सफॉर्मर नसतो, पत्र्याची पेटी तर नसतेच. ज्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला त्यांना डायोड आणि ट्रान्झिस्टर हवे होते, आणि त्यांच्यावर मेहनतही तशीच झाली. ट्रान्झिस्टरचं गमेल-पून मॉडेल १९७०चं, मॉसफेटचं शिकमन-हॉजेस मॉडेल १९६८चं. रेझिस्टर, कॉइल, कपॅसिटर ही मंडळी मात्र पुस्तकातल्या व्याख्येइतकीच शुद्ध राहिली. घरचा दागिना सोन्याचा आहे म्हणून त्यात तांबं नाहीच असं समजण्यासारखं ते होतं. सराफ बाजारातल्या कुणालाही विचारा, दागिन्यात तांबं असतंच.

या पुस्तकाचं दुसरं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. ते डेटाशीट आणि मॉडेल यांच्यातल्या फरकाबद्दल आहे. डेटाशीटमध्ये तीन रकाने असतात: किमान, सर्वसाधारण आणि कमाल. मॉडेलच्या फाइलमध्ये बहुधा मधला रकाना उतरलेला असतो. बाजारातून येणारा पार्ट तिन्हींपैकी कुठूनही आलेला असू शकतो. बीसी५४७चंच घ्या. त्याचे ए, बी, सी असे गट आहेत. ए गटाचा गेन ११० ते २२०, बी गटाचा २०० ते ४५०, सी गटाचा ४२० ते ८००. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानात जाऊन आपण काय म्हणतो? “बीसी५४७ द्या, दहा नग.” गट कोण विचारतो? पडद्यावर गेन चारशे धरून बेसचा रेझिस्टर बसवायचा आणि हातात ए गट पडायचा. शिवाय गेन थंडीत कमी होतो. म्हणजे बरोबर पारोळ्याच्या उलट प्रकार: सर्किट मे महिन्यात चालतं आणि डिसेंबरच्या पहाटे, हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळेला, रुसतं. जुने मेकॅनिक रिले ओढायला गेन दहा-वीसच धरायचे. त्यांना गमेल-पून ठाऊक नव्हतं, पण त्यांची सर्किटं चालायची.

विद्यार्थी मला विचारतात, “सर, या पार्टचं सगळ्यात अचूक मॉडेल कोणतं?” हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो. कशासाठी अचूक? १एन४००७ हा आपल्याकडे धणे-जिऱ्यासारखा घरोघरी असलेला डायोड. तो बंद व्हायला काही मायक्रोसेकंद घेतो. लाईनचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं, त्यापुढे हा उशीर म्हणजे काहीच नाही. तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायसाठी कोणतंही साधं मॉडेल चालेल. पण तोच डायोड कुणी ६५ किलोहर्ट्झच्या एसएमपीएसमध्ये लावला, तर तिथलं पूर्ण आवर्तनच पंधरा मायक्रोसेकंदांचं. डायोड बंद होईपर्यंत पुढची पाळी येऊन ठेपते, करंट उलटा वाहतो आणि डायोड भाजून निघतो. मॉडेलमध्ये या उशिराचा आकडा भरलेला नसेल तर सॉफ्टवेअर डायोडला क्षणात बंद करून मोकळं होतं. पडद्यावर सगळं गार. एकच पार्ट, एकच फाइल. एका कामाला पुरेशी, दुसऱ्या कामाला घातक.

‘पडद्यावर धूर निघत नाही’ असं मी वर्गात म्हणायचो. याचं सगळ्यात सोपं प्रात्यक्षिक म्हणजे रिलेच्या कॉइलवरचा उलटा डायोड काढून टाकणं. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइल उसळते आणि पडद्यावर कलेक्टरचं व्होल्टेज शेकड्यांत, कधी हजारांत जातं. बीसी५४७ सहन करू शकतो ४५ व्होल्ट. पण स्पाइसच्या मूळ ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये फुटण्याची मर्यादाच नाही, त्यामुळे तो हजार व्होल्ट अंगावर घेऊन पुढच्या क्षणी पुन्हा कामाला लागतो. वर्गात हशा पिकतो. नंतर खऱ्या बोर्डावर तेच केलं की शांतता.

ऑप-अँपबद्दल पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून मी इथे थोडक्यात आटोपतो. चिपच्या आतले सगळे ट्रान्झिस्टर मोजत बसण्याऐवजी बाहेरून तसंच वागणारं छोटं सर्किट ठेवायचं, ही युक्ती १९७४पासूनची. बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात पेडरसनही होते, ती मांडली. पण बाहेरून तसंच म्हणजे कोणत्या बाबतीत तसंच, हे फाइलच्या वरच्या ओळींत लिहिलेलं असतं आणि त्या ओळी कुणी वाचत नाही. एलएम३५८ पाच व्होल्टवर चालवला तर त्याचं आउटपुट साडेतीनच्या आसपास अडतं. आदर्श ऑप-अँप ठेवून सर्किट आखलेल्या मुलांना हे समजतं ते परीक्षकासमोर.

उलट टोकाचाही एक आजार आहे. जितकं मोठं मॉडेल तितकं खरं, असं समजून एका साध्या स्विचसाठी शंभर ओळींचं पॉवर मॉसफेटचं मॉडेल आणायचं, मग सिम्युलेशन अडलं की रात्रभर त्याच्याशी झगडत बसायचं. चालू-बंदपुरता प्रश्न असेल तर १९६८चं ते जुनं मॉडेल चार-दोन आकड्यांत काम भागवतं. लेखकांनी हे लिहिलं आहे, पण फार सौम्यपणे. मी असतो तर रागावून लिहिलं असतं.

आणि काही प्रश्न असे असतात की त्यांना मॉडेल पुरतच नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. ८५ अंशांवर दोन हजार तास टिकेल असं लिहिलेला कपॅसिटर ७५ अंशांत ठेवला तर चार हजार तास, म्हणजे सलग साडेपाच महिने. सिम्युलेशन आपण चालवतो शंभर मिलिसेकंदांचं. त्यात कपॅसिटर म्हातारा होत नाही. इथे सॉफ्टवेअर बंद करून कागदावर हिशोब करावा आणि १०५ अंशांचा कपॅसिटर घ्यावा, ही माझी भर.

तापमानाची हीच गोष्ट आता सौरऊर्जेच्या रूपाने मोठ्या प्रमाणावर आपल्या दारात आली आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३पासून आहे, आणि सौर पंप तर धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत बांधाबांधावर दिसू लागले आहेत. पॅनेलच्या मागे जे वॅट छापलेले असतात ते २५ अंशांचे, आणि ते २५ हवेचे नव्हेत, खुद्द काचेखालच्या सेलचे. हवा ४३ असताना सेल सहज ७० अंशांवर जातो. सिलिकॉनचं पॅनेल दर अंशाला सुमारे ०.४ टक्के गमावतं. म्हणजे ज्या दुपारी ऊन सगळ्यात कडक, त्याच दुपारी शंभर वॅटचं पॅनेल ब्याऐंशीवर येतं. थंडीच्या सकाळी गोष्ट फिरते आणि पॅनेलचं उघडं व्होल्टेज छापील आकड्याच्या वर जातं. ओळीत वीस पॅनेल जोडली असतील तर ती वाढ इन्व्हर्टरच्या मर्यादेला भिडू शकते. पॅनेलचं मॉडेल कागदावर अगदी साधं दिसतं, एक करंट सोर्स, एक डायोड, दोन रेझिस्टर. पण त्यातले आकडे कोणत्या तापमानाचे हे न पाहता कंट्रोलर आखला तर तो वैशाखात कमी पडेल आणि पौषात जळेल. स्पाइसचे २७ आणि पॅनेलचे २५, दोन्ही आकडे आमच्या शिवारातले नाहीत.

हे पुस्तक ई-सिम धरून लिहिलेलं आहे, ते मला फार योग्य वाटलं. ई-सिम हे मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस यांना एकत्र आणून तयार केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. आधी ते ऑस्कॅड नावाने होतं. पैसे पडत नाहीत, पेनड्राइव्हवर चोरून फिरवावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात मॉडेल एडिटर आहे. मॉडेलची फाइल उघडून, आकडा बदलून बघता येतो. त्याच आयआयटीत प्रा. महेश पाटील यांनी सिक्वेल नावाचा सिम्युलेटर लिहिला. वापरणाऱ्याने आपले घटक स्वतः लिहावेत, ही कल्पना त्याच्या नावातच गुंफलेली आहे. पार्ट म्हणजे दुसऱ्याने दिलेली बंद डबी, ही सवय मोडायला ही दोन्ही साधनं उपयोगी पडतात. शिरपूर, धुळे, बांभोरी, जळगाव, कुठल्याही कॉलेजच्या मुलाला ती सारखीच उपलब्ध आहेत.

लेखकांशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे आणि तो लपवत नाही. ते म्हणतात, आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेल उतरवून घ्या, मग लागल्यास स्वतः मोजा. मी म्हणतो, आधी मोजा. डायोडला ०.१, १ आणि १० मिलिअँपिअर देऊन तीन व्होल्टेज लिहून काढायला एक बॅटरी, तीन रेझिस्टर आणि मीटर पुरतं. करंट दहापट झाला की व्होल्टेज किती वाढलं ते पाहायचं. साठ मिलिव्होल्ट वाढलं तर मॉडेलमधला ‘एन’ एक, एकशे वीस वाढलं तर दोन. अर्ध्या तासात स्वतःच्या हाताने एक मॉडेल तयार होतं. त्यानंतर कंपनीची फाइल उघडली की तिच्यातले आकडे ओळखीचे वाटतात आणि कुठे संशय घ्यायचा ते कळतं. अमेरिकेत बॉब पीज नावाचे एक नामांकित अॅनालॉग इंजिनिअर होते, ते स्पाइसवर सतत तोंडसुख घ्यायचे. मी त्यांच्याइतका कडवा नाही. पारोळ्याच्या पेटीचं कोडं सुटल्यावर मी पुन्हा सॉफ्टवेअरकडेच गेलो, कॉइलच्या रेझिस्टरपुढे ०.००३९ लिहिले, ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही गुंडाळ्यांचा रेझिस्टन्स मोजून घातला आणि त्यांच्यापुढेही तेच लिहिलं. तापमान ६५ केलं. पडद्यावर रिले उचलेना. मला इतका आनंद चालणाऱ्या सर्किटाने कधी दिला नव्हता.

पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते आहेत. पार्टचं नाव, सकाळचं माप, दुपारचं माप, मॉडेलमधला आकडा. ते कोरेच ठेवून पुस्तक कपाटात लावणारे पुष्कळ निघतील. ज्यांना भरायचे असतील त्यांनी मे महिन्याची वाट पाहावी आणि पार्ट गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवून दोन वाजता मोजावेत. चिमट्याने उचला, हाताने नको.

पेटीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बारा व्होल्टच्या जागी पंधरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवला, लाईन वर गेली तर रिले जळू नये म्हणून मध्ये ७८१२ रेग्युलेटर घातला. त्याचं मॉडेल कुठलं घ्यायचं यावर आणखी दोन रात्री गेल्या, तो भाग वेगळा. पेटी भर दुपारी चालू लागली. आप्पांनी ती दोन-तीन दिवस चालताना पाहिली, मान डोलावली आणि विहिरीवर गेल्यावर गोणपाट पुन्हा ओलं करून पेटीवर टाकलं.